मॅच मैदानात हरा, मांडवात नको : गावच्या क्रिकेट लीगला लेखी नियम का हवेत?

प्रतिनिधी : रब्बीची पेरणी आटोपली, की गावोगावच्या मोकळ्या रानात रोलर फिरायला लागतो. चौकात फ्लेक्स लागतात. कुठं सरपंच चषक, कुठं आमदार चषक, कुठं जत्रेनिमित्त भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा. फ्लेक्सवर पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, देणगीदारांचे हात जोडलेले फोटो, सगळं असतं. नियम मात्र एका ओळीत उरकलेले असतात : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील, सर्व अधिकार कमिटीकडे राखीव.’

भांडणाचं मूळ याच ओळीत आहे. सगळे अधिकार राखीव, म्हणजे ऐनवेळी काय ठरेल ते मांडवात कोण बसलंय यावर. देणगी कुणाची, कुणाचा आवाज मोठा, कोणत्या गावची पोरं जास्त जमलीत, यावर निकाल फिरतो. मॅच सहा षटकांची, पण त्यावरून दोन गावांत पडलेला अबोला वर्षवर्ष टिकतो. पुढं तोच अबोला सोयरीक ठरवताना आडवा येतो.

‘गावचा खेळाडू’ म्हणजे नेमका कोण?

सगळ्यात जास्त वाद इथं होतो. ‘एक गाव एक संघ’ म्हणायचं आणि उपांत्य फेरीला शहरातून दोन नावाजलेले फलंदाज गाडीत घालून आणायचे, हे काही नवीन नाही. त्यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी आधार कार्ड बघतात. ऐकायला बरं वाटतं. पण आधारवर पत्ता असतो, माणूस कुठं राहतो ते त्यावरून कळेलच असं नाही.

दहा वर्षं पुण्यात नोकरी करणाऱ्याच्या आधारवर गावचा पत्ता असतो, तो चालतो. गावातल्याच वस्तीवर सालगडी म्हणून राहणाऱ्याचा पोरगा याच शाळेत शिकला, रोज याच पोरांबरोबर खेळला, पण त्याचं आधार दुसऱ्या जिल्ह्यातलं, म्हणून तो बाहेर. मामाच्या गावात लहानाचा मोठा झालेल्या भाच्याचं पण तेच. नियम भाड्याच्या खेळाडूला अडवायला केला आणि अडकला गरिबाचा पोरगा.

यावर अवघड काही करायचं नाही. आधार, मतदार यादी, रेशन कार्ड किंवा गावातल्या शाळेचा दाखला, यातलं कोणतंही एक चालेल असं लिहायचं. आणि नावं आधी द्यायची. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीच्या पहिल्याच नियमात हे आहे : टॉसच्या आधी कर्णधारानं आपल्या खेळाडूंची नावं पंचाकडे लेखी द्यायची आणि त्यानंतर समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय नाव बदलायचं नाही. लॉर्ड्सवर चालतो तो नियम ढेकळाच्या रानातही चालतो. खर्च एका कागदाचा.

पंच कुणाचा?

बाहेरून पंच आणायला पैसे लागतात, म्हणून आयोजक गावातलाच कुणीतरी उभा राहतो. तो प्रामाणिक असला तरी यजमान संघाच्या बाजूनं एक निर्णय गेला, की संशय आलाच. त्यापेक्षा त्या सामन्यात नसलेल्या दोन संघांनी एकेक पंच द्यायचा, हे बरं. पुढच्या मॅचला तेच पंच खेळाडू असणार, त्यामुळं जबाबदारीची जाणीव राहते.

दुसरा वाद हात मोडून टाकण्याचा, म्हणजे थ्रोचा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेलं चालतं, पण ते मोजायला कॅमेरे आणि प्रयोगशाळा लागते. गावच्या पंचाला नुसत्या डोळ्यानं ते कळणं शक्य नाही. म्हणून इथं नियम साधा ठेवावा : पहिल्यांदा नो बॉल आणि ताकीद, दुसऱ्यांदा गोलंदाजी बंद. मोबाइलवरचा व्हिडिओ पुरावा धरायचा की नाही, हेही आधीच ठरवावं. नाहीतर विकेट गेल्यावर चाळीस जण चाळीस व्हिडिओ घेऊन मैदानात येतात.

पंचाच्या अंगावर जाणाऱ्याचं काय, याचंही उत्तर आहे. २०१७ पासून क्रिकेटच्या नियमांत खेळाडूंच्या वागणुकीचं वेगळं कलम आलं. त्यात चार पायऱ्या आहेत. साध्या आगळिकीला ताकीद, पुन्हा केली तर समोरच्या संघाला पाच धावा. पंचाला धाक दाखवला तर पाच धावा आणि काही षटकं मैदानाबाहेर. पंचाला मारायची धमकी दिली किंवा कुणावरही हात टाकला, तर उरलेल्या सामन्यातून बाहेर. कर्णधारानं त्याला बाहेर काढायला नकार दिला, तर सामनाच समोरच्याला देता येतो. फुटबॉलच्या लाल कार्डासारखीच ही सोय. गावच्या कमिट्यांनी ती वापरायला हरकत नाही.

वाईट नियमही मधे बदलू नये

१४ जुलै २०१९ ची विश्वचषकाची फायनल आठवा. इंग्लंड आणि न्यूझीलंड, दोघांच्या २४१ धावा. सुपर ओव्हर झाली, त्यातही दोघांच्या १५. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. कप इंग्लंडला गेला. जगभरातून टीका झाली, नियम चुकीचा होता असं खूप जणांनी म्हटलं. पण तो स्पर्धेच्या आधी लिहिलेला होता, म्हणून न्यूझीलंडनं हार मान्य केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं नियम बदलला : अशा वेळी निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायची.

यातून घ्यायचं ते एवढंच. नियम चुकला तर स्पर्धा संपल्यावर बदला, पुढच्या वर्षी लागू करा. बॉल टाकायचा राहिलेला असताना कमिटीनं मांडवात बसून बदलला, तर तो चांगला असला तरी कुणाला पटत नाही.

प्रवेश फी एक, मॅच पण एकच

हिशोब करून बघा. १६ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा १५ सामन्यांत संपते. आयोजकाला सोयीचं. पण त्यात आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात. फी भरली, टी-शर्ट शिवले, कामावरची हजेरी बुडवली आणि तासाभरात खेळ खल्लास. चार-चारचे चार गट केले, तर प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. गटाचे २४, दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे २७ सामने होतात. दोन रविवार जास्त लागतील, पण लोक खेळायला आले होते, ते खेळून जातील.

संघातही तसंच. बाहेरून मोठे खेळाडू आणले, की गावची पोरं पाणी द्यायला उरतात. किमान पाच जणांनी गोलंदाजी केलीच पाहिजे आणि पस्तिशीच्या पुढचे दोन जण अकरात असलेच पाहिजेत, असे दोन नियम टाकले तर खेळ सगळ्यांचा राहतो.

पडला-झडला तर कोण बघणार?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फ्लेक्सवर कधीच नसते. दिवसभर ट्रॅक्टरवर बसलेला चाळिशीचा माणूस संध्याकाळी अंग न तापवता एकदम पळतो. गुडघा जातो, खांदा निखळतो, कधी छातीत कळ येते. दहीहंडीच्या गोविंदांना शासनानं विमा दिला. गावच्या क्रिकेटपटूला कुणी विचारलेलं नाही.

त्यानं स्वतःपुरतं तरी करून ठेवावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. पण त्यात दवाखान्याचा खर्च मिळत नाही आणि हार्ट अटॅक अपघातात धरत नाहीत. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख देणारी जीवनज्योती योजना वेगळी. तिचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, आणि नवीन नोंदणीला अपघात सोडून पहिले ३० दिवस संरक्षण नाही. दोन्ही बँक खात्यातून होतात. प्रवेश अर्जाबरोबर या विम्याची विचारणा केली, तर निदान खेळाच्या निमित्तानं घरोघरी एक काम होईल.

कमिटीनं करायचं ते असं : सामना संपेपर्यंत एक गाडी आणि ड्रायव्हर मैदानावर थांबलेला, १०८ नंबर मांडवात ठळक लिहिलेला, जवळचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा हे माहीत असलेला एक माणूस. रात्रीच्या लाइटसाठी आकडा न टाकता रीतसर जोडणी किंवा जनरेटर. विजेचा धक्का बसला, की पंचाचा निर्णय कामाला येत नाही.

ड्रॉच्या आधी वाचून दाखवा

हे सगळं एका पानात बसतं. खेळाडू कोण, पंच कुणाचे, टाय झाली तर काय, पाऊस आला तर फी परत मिळणार का, मारामारीला शिक्षा काय, इजा झाली तर गाडी कुणाची, जमा-खर्च कधी दाखवणार. ड्रॉ काढायच्या आधी हे पान सगळ्या कर्णधारांपुढं मोठ्यानं वाचायचं, सह्या घ्यायच्या आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. त्या वेळी कोण कुणाविरुद्ध खेळणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे सरळ बोलतात. ड्रॉ निघाला, की जो तो आपल्या बाजूनं बोलायला लागतो.

फ्लेक्स छापायला पैसे लागतात, तेवढेही या पानाला लागत नाहीत. या मोसमात ज्या गावांची स्पर्धा अजून व्हायची आहे, त्यांनी फ्लेक्सच्या आधी हे पान करावं. कप एकाच गावात जाणार आहे. बाकीच्या पंधरा गावांनी हरून हसत घरी जायचं असेल, तर त्यांना आधी नियम माहीत पाहिजेत.