जाहिरातीचा पैसा आणि कामगारांचे व्यासपीठ

कामगारांनी कामगारांसाठी इंटरनेटवर चालविलेली व्यासपीठे आता ठिकठिकाणी दिसतात. परिपत्रके, पेन्शनचे हिशेब, भरतीच्या तारखा तेथे मिळतात. खर्च भागविण्यासाठी त्यांवर जाहिराती घ्याव्यात काय, असा प्रश्न पुढे आला आहे.

जाहिरात म्हणजे पाप, असे आमचे म्हणणे नाही. अधिवेशनाच्या स्मरणिका आपण जाहिरातींवरच छापत आलो. (ठेकेदाराचे अर्धे पान आले की त्याच्या कंत्राटी मजुरांच्या पगाराविषयी लिहिताना लेखणी अडखळते, हेही आपण जाणतो.) परंतु स्मरणिकेची जाहिरात संपादक आधी वाचतो, नको असल्यास परत करतो. इंटरनेटवर ती बहुधा मधली कंपनी पाठविते. कोणाला काय दाखवायचे हे तिचे यंत्र ठरविते आणि त्यासाठी वाचक काय पाहतो याची नोंद ठेवते. टपाल कामगारांच्या पानावर खासगी कुरियर झळकले तर हसून सोडून देता येईल. पण कर्जात बुडालेल्या ट्रॅकमनला मोबाइलवरच्या सावकाराची, किंवा त्याच्या मुलाला पैसे घेऊन रेल्वेत चिकटविणाऱ्या भामट्याची जाहिरात संघटनेच्या नावाखाली दिसली, तर तो जाब आपल्यालाच विचारणार.

विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. त्यात लिहिणारे विनामोबदला लिहितात. २००२ साली जाहिरातींची बोलणी निघताच स्पॅनिश भाषेत लिहिणारे बरेच जण बाहेर पडले व त्यांनी वेगळा कोश काढला. आपण फुकट राबावे आणि त्यावर दुसऱ्याने पैसा करावा, हे त्यांना मानवले नाही. आजही विकिपीडिया जाहिराती घेत नाही. मुख्यतः वाचकांच्या लहानलहान देणग्यांवर तो चालतो.

मात्र पैसा लागतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेले ‘मूकनायक’ १९२३ साली बंद पडले. पैशाची चणचण हे त्याचे एक कारण होते. जाहिरात नको आणि वर्गणीही नको, असे म्हणणाऱ्या सभासदांनी याचा विचार करावा.

आमचे मत असे की, यंत्राने पाठविलेली जाहिरात घेऊ नये. कर्मचारी पतपेढीची किंवा सहकारी भांडाराची सूचना शाखेने वाचून घेतल्यास हरकत नाही. ठेकेदाराची मात्र नको. उरलेला खर्च वर्गणीतून भागवावा व त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावा. शाखा सचिवांनी आपली मते कार्यकारिणीच्या सभेपूर्वी लेखी कळवावीत.