सुट्टी डिसेंबरची, पाऊस अंदमानचा

हिंजवडीत डिसेंबर लागला की कॅन्टीनमधले विषय बदलतात. अमेरिकेतला क्लायंट नाताळच्या सुट्टीवर जातो, काम मंदावते आणि वर्षभर साठवलेली, आता वाया जाणारी रजा सगळ्यांना एकदमच आठवते. मग अंदमान, बाली, मालदीव. कोणत्या दिवशीचे विमान दोन हजारांनी स्वस्त आहे, हे तासभर बघितले जाते. त्या आठवड्यात तिथे वारा कुठून वाहतो, हे मात्र कुणी बघत नाही. आधी आपली सुट्टी, मग त्या महिन्यात कोरडे असणारे बेट आणि सर्वांत शेवटी तिकीट, असा क्रम हवा.

अंदमानात डिसेंबरमध्ये पाऊस कसा?

पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. अंदमानात नैऋत्य मोसमी वारे 22 मेच्या सुमारासच पोहोचतात, पुण्याच्या जवळपास तीन आठवडे आधी. आपला पाऊस परतला तरी तिथला संपत नाही. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि हा दुसरा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळू शकतो. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या समुद्रातला चक्रीवादळांचा मोसम.

डिसेंबर 2016 मध्ये, पुढे ‘वरदा’ चक्रीवादळ झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर (आताचे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. या बेटांवर बहुतेकांची ये-जा बोटीनेच होते. समुद्र खवळला की फेरी बंद आणि पोर्ट ब्लेअरहून सुटणारे परतीचे विमान कुणासाठी थांबत नाही. दर डिसेंबरात असे होत नाही, अनेक जण लख्ख उन्हातले फोटो घेऊन येतात. तरी जायचेच असेल तर परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. हॅवलॉकहून सकाळची फेरी आणि दुपारचे विमान हा बेत कागदावरच छान दिसतो.

अंदमानचा खरा मोसम जानेवारी ते एप्रिल. पण मार्चअखेरीला कंपन्यांत रजेचे नाव काढायची सोय नसते. फेब्रुवारीतली आठ दिवसांची रजा आधी सांगूनही मिळत नसेल, तर त्याचा दोष हवामानाला देता येणार नाही.

ऑगस्टमध्ये सुट्टी असेल तर?

15 ऑगस्टला जोडून चार दिवस मिळत असतील तर बाली. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने साधारण एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडा काळ असतो. श्रीलंकेचे गणित तर आपल्याला घरबसल्या कळण्यासारखे आहे. हिंजवडीतून तासाभरावर असलेल्या लोणावळ्यात जुलैत धो धो कोसळते आणि घाट ओलांडून पूर्वेला बारामतीकडे जावे तसा पाऊस ओसरत जातो. श्रीलंकेतही मधला डोंगराळ भाग नैऋत्येचा पाऊस अडवतो. म्हणून तेव्हा पश्चिम किनारा भिजतो आणि पूर्वेकडचे त्रिंकोमाली कोरडे राहते. थायलंडमध्येही ऑगस्टात फुकेत ओले असते, पण पलीकडच्या आखातातल्या कोह सामुईला त्या मानाने पाऊस कमी. मालदीवची पॅकेजेस जून-जुलैत एकदम परवडू लागतात, तेव्हा ती सवलत पावसाची असते. रिसॉर्टच्या खोलीत पुस्तक वाचत बसायचे असेल तर सौदा वाईट नाही.

राहिला डिसेंबर. ईशान्य मोसमी पाऊस कोकणापर्यंत फारसा येत नाही. पावसाळ्यात मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी बंद असतात. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचे नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला हवामानाचे ॲप येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. डिसेंबरात मात्र समुद्र शांत, पाणी बऱ्यापैकी नितळ, किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे तिथपर्यंत बोटी सुरू आणि स्कूबाही चालू. विमानाची गरज नाही. 31 तारखेला तारकर्लीत खोली मिळवायची असेल, तर दिवाळीतच फोन करावा लागेल.