चतुष्पादातील उपेक्षित पाद

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात प्रत्येकाचे चार-चार गुण वर्णिले आहेत. वैद्याच्या गुणांवर आपण व्याख्याने देतो, द्रव्याच्या गुणांवर परिसंवाद भरवितो, रोग्याच्या गुणांविषयी तक्रार करतो. उपस्थात्याविषयी मात्र आपण मौन पाळतो. हे मौन आता सोडले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जळकोट हा १९९९ साली अस्तित्वात आलेला, डोंगराळ, वाड्या-तांड्यांचा तालुका. उदगीर, लातूर वा नांदेड गाठण्यापूर्वी येथील पुष्कळ रोगी प्रथम आपल्या लहान रुग्णालयांत येतात. काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचे एक वृद्ध रुग्ण आमच्याकडे दाखल झाले. नस्याची योजना शास्त्रोक्त होती, काढे वेळेवर दिले जात होते. नवव्या दिवशी त्यांची सून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मामांच्या पाठीला वास येतोय." पाहतो तो माकडहाडापाशी शय्याव्रण! पाळीवरील मुलीला आम्ही रागाने विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "कूस बदलायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही, सर." मुलगी दहावी झालेली. तिला पांढरा कोट आम्हीच दिला होता आणि 'सिस्टर' अशी हाकही आम्हीच मारीत होतो. व्रण भरून येण्यास दोन महिने लागले. दोष तिचा नव्हता, आमचा होता.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. दशकानुदशके त्यांना शय्याव्रण होऊ न देणाऱ्या सहकारी परिचारिकांच्या शुश्रूषेची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात प्रशंसा केली. तेथे कामी आले ते दर काही तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, भरविणे आणि पाहत राहणे.

उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे उपस्थात्याचे गुण होत. आजच्या भाषेत त्यांचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. वीस थेंबांना एक मिली या मापाच्या संचाने पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यावयाचे, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावे लागतात. हे गणित येणे म्हणजे उपचारज्ञता. विरेचनाचे वेग मोजून लिहिणे आणि नाडी क्षीण होताच वैद्यास हाक मारणे म्हणजे दक्षता. एका रोग्यास हात लावून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे म्हणजे शौच. तांड्यावरच्या आजीला तिच्याच बोलीत धीर देणे म्हणजे अनुराग. उपकल्पनीय अध्यायात तर औषधे कुटणारे, स्नान घालणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे असे परिचारक वेगवेगळे सांगितले आहेत. रोग्यास उठविणे-निजविणे हेदेखील कौशल्य आहे, हे आचार्यांनी जाणले होते.

प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकत नाही आणि तिचे वेतन परवडत नाही, असे आपले बांधव म्हणतात. अडचण खरी आहे, आम्हीही ती भोगतो. परंतु राहण्याची सुरक्षित सोय नाही, रात्रपाळीनंतर सुट्टी नाही, पगाराची तारीख ठरलेली नाही, अशा ठिकाणी कोण टिकेल? पंचकर्माच्या यंत्रांवर लाखो रुपये खर्च करताना ही काटकसर आपल्याला आठवत नाही.

म्हणून आमच्या सूचना अशा: महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली किमान एक परिचारिका प्रत्येक आंतररुग्ण विभागात असावी. अप्रशिक्षित मदतनीसास मदतनीसच म्हणावे. सुई व सलाईन तिच्या हाती देऊ नये. परंतु कूस बदलणे, ताप व नाडी पाहून नोंदविणे, हात धुणे, पेयादी पथ्य रांधणे हे तिला अवश्य शिकवावे. त्यासाठी संघटनेने तालुकावार वर्ग घ्यावेत आणि ते शिकविण्यास वैद्यांऐवजी अनुभवी परिचारिकांना बोलवावे. त्या वर्गांत वैद्यांनीही मागच्या बाकावर बसावे. आम्ही प्रथम बसू.