नको असलेली छपाई: बंद नको, बाजूला ठेवा

आयबीएमचा एएस/४०० हा संगणक १९८८ साली आला. त्याचाच वारसा चालवणारी आयबीएम आय ही प्रणाली आजही अनेक कारखान्यांचा व घाऊक व्यापाऱ्यांचा हिशेब सांभाळते. या यंत्रावर काम संपले की त्या कामाची नोंद, म्हणजे जॉब लॉग, तयार होऊ शकते. सोय नीट लावलेली नसेल तर ही नोंद बिलांच्याच प्रिंटरवर छापली जाते. चलन हवे असते आणि हाती पडतो नोंदींचा गठ्ठा. कागद व रिबन वाया जाते, गिऱ्हाईक ताटकळते.

यावर काही जण नोंदच बंद करून टाकतात. आम्हाला हे पटत नाही. रात्री साठ्याचा हिशेब मध्येच अडला, तर कुठे व का अडला हे सकाळी त्या नोंदीवरूनच कळते.

उपाय सोपा आहे. क्यूपीजॉबलॉग ही प्रिंटर फाइल क्यूईझेडजॉबलॉग या वेगळ्या रांगेकडे वळवावी. त्या रांगेला प्रिंटर जोडू नये. मग नोंदी यंत्रातच थांबतात आणि हवी ती पडद्यावर पाहता येते.

मात्र रांग तुंबली की डिस्क भरते. म्हणून ठरावीक दिवसांनी जुन्या नोंदी पुसणारी यंत्रातील सफाईची सोय चालू ठेवावी. रोज सकाळी एका जबाबदार माणसाने रांग नजरेखालून घालावी.

व्यापारी बांधवांनी आपल्या संगणक विभागाला एवढेच विचारावे: आपल्या नोंदी जातात कुठे, आणि त्या पाहतो कोण?