चापाची आतली बाजू

वसई तालुक्याच्या पश्चिम किनारपट्टीत केळी-पानवेलींच्या वाड्यांमध्ये वसलेल्या वटार गावाच्या उत्तरेस अर्नाळ्याचा किल्ला आहे आणि दक्षिणेस वसईचा. १७३७ साली अर्नाळा आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. चिमाजीअप्पांची जिद्द, तटाखालचे सुरुंग, विजयानंतर देवळांत पोहोचलेल्या चर्चच्या घंटा, या साऱ्यांची वर्णने त्याने ऐकलेली असतात. मात्र ज्या बंदुकीच्या भरवशावर दोन्ही बाजूंचे शिपाई लढले, ती पेटत कशी होती आणि ती घडवीत कोण होते, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. परीक्षेत तो येत नाही, हे वरवरचे कारण झाले. खरे कारण असे की, हाताने करावयाच्या कामातले ज्ञान हे ज्ञानच नव्हे, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची जुनी समजूत आहे. या समजुतीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे.

अठराव्या शतकात ठासणीच्या बंदुकांचे मुख्यतः दोन प्रकार प्रचारात होते. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला लावली जाई. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आवळलेला असे. खटका ओढताच तो पोलादी पापडीवर घासत आपटे, पापडी पुढे उलटून रंजकाची वाटी उघडी पडे आणि ठिणग्या तीत पडत. नळी घडविणे हे लोहाराचे काम. परंतु चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी ही सगळी यंत्रणा, घडविण्यासाठी लोहाराचा हात आणि घड्याळजीची नजर अशी दोन्ही लागत.

चापाची कमान करताना पोलादाची पट्टी तापवून दुमडावी लागे, कानशीने ती टोकाकडे निमुळती करीत न्यावी लागे, मग लाल करून तेलात विझवावी लागे आणि पुन्हा मंद आचेवर निळसर रंग येईपर्यंत तापवावी लागे. ही दुसरी आच कमी पडली तर कमान काचेसारखी तुटते. अधिक झाली तर वाकते ती वाकलेलीच राहते. घोड्याच्या आसावर आतल्या बाजूने दोन खाचांचा एक तुकडा बसविलेला असतो. पहिली खाच घोडा सुरक्षित अडवून धरण्याची, दुसरी बार काढण्याची. पहिली खाच उथळ कापली गेली तर बंदूक धन्याच्याच जिवावर उठते. पापडीचा पृष्ठभाग पुरेसा कठीण नसेल, तर उत्तम गार असूनही ठिणगी पडत नाही. कारण ठिणगी मुळात गारेची नसतेच. गारेने खरवडून काढलेला पोलादाचा तो जळता कण असतो. हे सारे मोजपट्टीने नव्हे, तर रंग, आवाज आणि हाताला लागणारा ताण यांवरून कारागीर ठरवीत असे.

हात होते, पेढी नव्हती

हे कसब आपल्या भूमीत नव्हते काय? पुरावा उलट आहे. १५१३ साली अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला कळविले होते की, गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. त्या अर्थात तोड्याच्या होत्या. चकमकीच्या बंदुकीचा दाखला महादजी शिंद्यांच्या कारकिर्दीतला आहे. त्यांच्या पदरी द बॉयनने उभ्या केलेल्या पलटणींसाठी आग्र्याला कारखाना निघाला. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात आणि युरोपीय बंदुकांच्या बरोबरीच्या बंदुका सुमारे दहा रुपयांत तयार होत. पण ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्रा इंग्रजांच्या हाती गेले आणि शिंद्यांचा तो उद्योग तेथेच संपला.

असे का व्हावे? उत्तर शौर्यात किंवा बुद्धीत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधणे इष्ट. त्याच काळी बर्मिंगहॅम परिसरात कोणी केवळ कमानी करी, कोणी केवळ घोडे घडवी, कोणी कानस चालवून तयार भाग जुळवी. यातला एकेकटा कारागीर आग्र्याच्या कारागिराहून श्रेष्ठ होता असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पाठीशी ठरलेला नमुना होता, नळीची सक्तीची परीक्षा होती आणि वर्षानुवर्षे माल उचलणारे गिऱ्हाईक होते. हे गिऱ्हाईक म्हणजे इंग्रज सरकार आणि ईस्ट इंडिया कंपनी. कंपनीसाठी बेतलेला बंदुकीचा नमुना १७९० नंतरच्या फ्रेंच युद्धात खुद्द ब्रिटिश सैन्याने स्वीकारला, इतका तो व्यवहार पक्का झाला होता. आग्र्याचा कारखाना मात्र एका सरदाराच्या दौलतीवर आणि एका परक्या कारागिराच्या स्मरणावर चालला. गिऱ्हाईक हरले, तेव्हा कारखाना बुडाला आणि त्याबरोबर विद्याही.

ही विद्या किती फलद्रूप होऊ शकत होती, याची साक्ष फ्रान्स देतो. १७८५ साली ऑनोरे ब्लाँ या कारागिराने पन्नास चापांचे सुटे केलेले भाग मांडून ठेवले. त्या वेळी पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील असलेल्या टॉमस जेफर्सनने हाती येतील ते भाग उचलून स्वतः चाप जुळविले आणि ते अचूक बसले. कोणताही भाग कोणत्याही चापाला बसावा, ही कल्पना पुढे अमेरिकेतील शस्त्रागारांत वाढली आणि तेथून शिवणयंत्रे, सायकली यांच्या कारखान्यांत गेली. आधुनिक कारखानदारीचे पहिले धडे ज्या पाट्यांवर गिरविले गेले, त्यांत बंदुकीचा चाप ही एक होती.

आपल्याकडे मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे करणे, विकणे आणि बाळगणे या सर्वांवर परवान्याचे कुलूप घातले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवाना ठेवला, आणि ते योग्यच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून आढळते. विनापरवाना बंदुका करणाऱ्यांवर पोलिसांचे छापेही पडतात. अशा बंदुकीने माणसे मरतात, म्हणून या चोरट्या उद्योगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एके काळी राजापुढे वाखाणले गेलेले कसब आज फक्त गुन्ह्याच्या पंचनाम्यात नोंदले जावे, हेही भूषण नव्हे.

मेलेल्या शस्त्राची ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. शस्त्र मेले, प्रश्न जिवंत आहे. वटारहून रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेकडे गेले की वालीव, सातिवली, पेल्हार येथे लहान कारखान्यांचे गाळेच गाळे लागतात. तेथे पुष्कळसे काम जॉबवर्कचे. नकाशा दुसऱ्याचा, माप दुसऱ्याचे, मागणी दुसऱ्याची. हात तेवढा आपला. मोठ्या गिऱ्हाइकाने पाठ फिरविली की गाळा बंद होतो आणि पंचवीस वर्षे कानस चालविलेल्या फिटरचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. ते कोणी लिहून घेतलेले नसते, कारण लिहिणारा आणि घडविणारा यांची आपल्या शिक्षणात भेटच होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ती घडविण्याची सोय केली. समाजाने तिला नापासांची वाट ठरविले.

उपाय फार खर्चाचे नाहीत. संग्रहालयांतील जुन्या बंदुकांचे चाप जाणकारांकडून उतरवून त्यांच्या आतल्या बाजूंची मापे, आराखडे आणि धातूची परीक्षा प्रसिद्ध करावी. कायद्याच्या दृष्टीने शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच; तेव्हा शासनाच्या परवानगीने एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठिणगी पाडणारा, पण नळी नसलेला शिकवणीचा चाप मुलांकडून करवून घ्यावा. त्याच बाकावर इतिहासाचा, रसायनाचा आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थीही बसवावा. आणि लहान कारखान्यांकडून होणारी सरकारी खरेदी लहरीवर न ठेवता काही वर्षांच्या निश्चित करारांवर आणावी.

वसईहून आणलेल्या घंटा दोनशे ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही देवळांत वाजत आहेत. विजयाची खूण जपायला आपण चुकलो नाही. ज्या हातांनी विजयाची साधने घडविली, त्यांची नावे आणि त्यांची विद्या जपायला चुकलो.