मेंदू न उघडता निदान नको

पावसाळा सरताना म्हशींच्या गोठ्याशेजारी बांधलेली शेळी एकाएकी कमरेतून जाते. चारा खाते, ताप नाही, पण मागचे पाय फरफटतात. मेल्यावर आपण छाती-पोट उघडतो, काही सापडत नाही, आणि कागदावर ‘मार लागला असावा’ एवढंच उरतं. पाठीचा कणा तसाच पुरला जातो. उल्हासनगरच्या तबेल्यांपासून बदलापूरच्या पाड्यांपर्यंत काम करणाऱ्या आपल्या पशुवैद्यक सहकाऱ्यांनी ही सवय मोडावी, असं मला मनापासून वाटतं.

त्या कण्यातच उत्तर असू शकतं. सेटारिया डिजिटाटा हा कृमी गायी-म्हशींच्या उदरपोकळीत फारसा त्रास न देता राहतो. डासामार्फत त्याची अळी शेळीत गेली की वाट चुकून मज्जारज्जूत शिरते. हीच कुमरी. नुसत्या डोळ्यांना एखादी तपकिरी रेघ दिसते किंवा तीही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा एकाच बाजूला मऊ पडलेला पट्टा, सुजलेले अक्षतंतू, गिटर पेशी, इओसिनोफिल दिसतात. कृमी क्वचितच हाती लागतो, म्हणून आडवे छेद पुष्कळ घ्यावे लागतात.

असा लकवा रेबीजचाही असू शकतो; त्याची गोष्ट मात्र वेगळी. मेंदू मधोमध चिरून अर्धा फॉरमॅलिनमध्ये, अर्धा बर्फावर, ही एरवीची चांगली पद्धत इथे घात करते. विषाणू एका बाजूलाच असू शकतो. मस्तिष्कस्तंभाचा पूर्ण आडवा छेद आणि लहान मेंदू न गोठवता, फॉरमॅलिनशिवाय, बर्फावर गेला पाहिजे. कवटी फोडणं जमत नसेल तर मानेकडच्या छिद्रातून डोळ्याच्या दिशेने प्लॅस्टिकची नळी सरकवूनही नमुना निघतो. निग्री बॉडी दिसल्या नाहीत म्हणून रेबीज नाही, असं कधीही लिहू नये. घशात काही अडकलं असेल म्हणून लाळ गाळणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घालणाऱ्यांनी आधी स्वतःची प्रतिबंधक लस पूर्ण करावी.

नमुना काढताना हातही जपावा: ताजा मेंदू बोटांनी दाबला की चेतापेशी काळ्या, आकसलेल्या दिसतात. ही इजा आपल्या हातची असते, रोगाची नव्हे.

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आपल्या उल्हासनगर-बदलापूरच्याच रेल्वेमार्गालगत आहे. फोन करून नमुना पाठवा; सोबतच्या कागदावर नुसतं ‘लकवा’ न लिहिता कोणता पाय, कोणत्या बाजूचा, शेपटीला चिमटा काढल्यावर जनावराने काय केलं, हे लिहा. छेद कुठे घ्यायचा, ते त्यावरूनच ठरतं.