एक साचा, अनेक घराणी

सुगी आटोपून धान्य घरात आले की आमच्या भागात हेळवी येत असे. बैलावर बसून दारी येणारा आणि घरच्या कर्त्याला त्याच्या खापरपणज्याचे नाव ऐकवणारा हा माणूस बेळगाव-निपाणीकडील शेतकरी कुटुंबांना नवा नाही. त्याच्या फेऱ्या पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. पण त्याच्या चोपड्यातील शिस्त लक्षात घेण्याजोगी आहे. घर कोणाचेही असो, नोंदीची रीत एकच. आधी मूळ गाव, मग कुलदैवत, मग मूळ पुरुष आणि त्याच्यापासून पिढीमागून पिढी. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगताच नेमकी वही निघते, तीही अशाच शिस्तीमुळे. प्रत्येक यजमानासाठी नवी पद्धत शोधत बसण्याचा उद्योग या मंडळींनी कधी केला नाही.

आता हे काम घरोघरी संगणकावर होऊ लागले आहे आणि तेथे मात्र हा उद्योग आपल्यामागे लागतो. आपले एक घराणे नीट लिहून झाले की आजोळचे लिहावे असे वाटते, मग सासरचे, मग शेजाऱ्याचे. गेल्या दोन वर्षांत येळ्ळुरातील चार घराण्यांच्या वंशावळी मी अशाच उतरवल्या. पहिल्या घरासाठी बसवलेली मांडणी दुसऱ्या घरासाठी पुन्हा मुळापासून बसवावी लागते काय, हा प्रश्न या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच.

मी वापरतो ते ग्रॅम्प्स नावाचे सॉफ्टवेअर. २००१ मध्ये सुरू झालेले हे काम जगभरच्या हौशी जाणकारांनी वाढवले असून ते विनामूल्य मिळते. त्याला जन्म, विवाह, मृत्यू, बाप्तिस्मा हे सारे आधीपासून ठाऊक आहे. देवक मात्र ठाऊक नाही. कुलदैवत, माहेरचे गाव, वारसा नोंद, पाट, हे शब्द आपणच शिकवावे लागतात. शिकवणे अवघड नाही. नोंदीचा प्रकार विचारला की तेथे आपला शब्द लिहायचा; पुढच्या वेळी तो यादीत आपोआप दिसतो. अडचण पुढेच आहे. ही यादी त्या एका वंशावळीपुरतीच राहते. दुसऱ्या घराण्याची नवी वंशावळ उघडली की संगणक पुन्हा पहिलीत बसलेला असतो! मग एका ठिकाणी आपण ‘कुलदैवत’ लिहितो, दुसऱ्या ठिकाणी ‘कुळदेव’, तिसऱ्या ठिकाणी नुसते ‘देव’. आणि पुढे दोन घराण्यांतील सोयरिकी जुळवू लागलो की एकाच गोष्टीची तीन नावे समोर येतात.

यावर उपाय हेळव्याचाच आहे. एक कोरी वंशावळ तयार करावी. तीत एक काल्पनिक माणूस आणि त्याची बायको घालावी, आणि आपल्याला लागणारा प्रत्येक प्रकार त्यांच्या नावे एकेकदा नोंदवावा. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव हा आपला नावाचा क्रमही तेथेच बसवावा. मग ही वंशावळ ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या स्वरूपातील फाइल म्हणून बाहेर काढून ठेवावी. नव्या घराण्याचे काम काढले की प्रथम ही फाइल आत घ्यावी आणि काल्पनिक जोडप्याला रजा द्यावी. माणसे जातात, शब्द यादीत राहतात.

या साच्यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचाराल तर मी गावांची यादी म्हणेन. येळ्ळूर जागचे हललेले नाही, राजहंसगडही हललेला नाही. परंतु आमच्या आजोबांचा जन्म मुंबई इलाख्यात झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर जन्मलेल्यांचा म्हैसूर राज्यात. त्या राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे सरकारी नाव बेळगावी आहे. ग्रॅम्प्समध्ये एखादे ठिकाण कोणत्या काळात कशाच्या पोटात होते, हे तारखांसह लिहिता येते. एकदा हे नीट बसवले की जन्माच्या तारखेप्रमाणे पत्ता आपोआप योग्य उमटतो. जुने दस्तऐवज शोधताना याचा उपयोग फार. कारण १९५६ पूर्वीचा आणि नंतरचा कागद एकाच दप्तरात सापडेल असे नाही. हे काम प्रत्येक घराण्यासाठी नव्याने करणे म्हणजे रोज नवी विहीर खणून पाणी पिणे होय.

माझ्या साच्यात शिक्षकी पेशातून आलेला एक रकाना आहे : ‘जन्मतारखेचा आधार’. जुन्या शाळांच्या नोंदवहीत १ जूनला जन्मलेली मुले इतकी आढळतात की त्या दिवशी गावोगावच्या सुइणींना श्वास घ्यायलाही फुरसत नसावी. नावनोंदणीच्या वेळी पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी सोयीची तारीख घालत. अशा तारखेपुढे ‘शाळा’ एवढे लिहिले तरी पुढचा अभ्यासक सावध होतो.

मात्र साच्यात काय घालू नये, हेही पाहिले पाहिजे. ज्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये मुळातच सोय आहे, त्यासाठी नवा शब्द घडवू नये. दत्तक मुलाचे नाते ग्रॅम्प्सला ठाऊक आहे. तेथे ‘दत्तकविधान’ असा स्वतंत्र प्रकार करून नाते दाखवण्याचा हट्ट नको. वंशावळींच्या देवघेवीसाठी अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये जेडकॉम नावाची पद्धत आणली आणि बहुतेक सर्व सॉफ्टवेअर आजही तीच भाषा बोलतात. उद्या मुंबईच्या किंवा अमेरिकेतील भाच्याने आपली वंशावळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर सर्वमान्य नोंदी सुखरूप पोचतात. आपल्या खास नोंदी कधी टिपणात जाऊन पडतात, कधी गळतात.

दुसरी खबरदारी गाळण्यांची. ‘अमक्याचे सर्व वंशज दाखव’ अशी गाळणी एकदा तयार केली की ती वंशावळीत नव्हे, वापरणाऱ्याच्या नावे साठवली जाते आणि सर्व वंशावळींत दिसते. सोय मोठी, पण माणूस तेथे क्रमांकाने ओळखला जातो आणि बहुधा प्रत्येक घराण्यात पहिल्या माणसाचा क्रमांक तोच असतो. पाटलांच्या मूळ पुरुषासाठी केलेली गाळणी कुंभारांच्या घरात चालवली, तर ती तेथील भलत्याच माणसाचा वंश बिनदिक्कत दाखवील. म्हणून क्रमांकावर बेतलेल्या गाळण्यांना घराण्याचे नाव द्यावे. गावावर किंवा देवकावर बेतलेल्या असतील त्या सर्वांसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

हेळव्याचे कौतुक मी वर केले, परंतु त्याच्या साच्याचा एक दोष आपण उचलू नये. त्याच्या चोपड्यात ओघ पुरुषांचा. लेक सासरी गेली की तिचा माग तेथेच सरतो, आणि घरात आलेली सून कोणत्या गावची हे पुष्कळदा कळत नाही. साच्यात जागा नसली की माणूसच नाहीसा होतो. म्हणून माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि सासरचे नाव हे तीन रकाने माझ्या साच्यात कायम आहेत. याच रकान्यांच्या आधारे चारपैकी दोन घराणी चार पिढ्यांपूर्वी एका लेकीने जोडलेली निघाली. दोन्ही घरच्या मंडळींना याची गंधवार्ता नव्हती.

‘पाट’ हा रकानाही मी मुद्दाम ठेवला आहे. कुणब्यांच्या, मराठ्यांच्या पुष्कळ घरांत विधवेचा पाट लागत असे आणि तिची पहिल्या घरची मुले कधी तिच्याबरोबर येत. हे लिहिले नाही तर भावाभावांची वये जुळत नाहीत, आडनावे चुकतात, आणि वारशाच्या कामी वंशवृक्ष काढताना गोंधळ होतो. तरीही एका घरच्या वडीलधाऱ्यांनी हा शब्द लिहू नका, असे हात जोडून सांगितले. मी साच्यातून तो काढलेला नाही. त्या घरच्या वंशावळीत ती जागा तूर्त कोरी आहे. त्यांच्या नातीने मात्र परवा येऊन, पणजीचे पहिले सासर कोणते, एवढे विचारून ठेवले आहे.